दुधाची शिट्टी

"सोन्याची साखळी त्याच खुंटीला होती. ती तशीच ठेवली आणि सिंहाचा फोटो नेला," मुलगी म्हणाली. "आणि शिट्टी."

भाऊजींनी कप खाली ठेवला. दातांचा दवाखाना बंद केल्यापासून ते मेहुणीच्या या कचेरीत येऊन बसत. मेहुणीला सगळे ताई म्हणत, तेही म्हणत. ताई खासगी तपास करत आणि भाऊजी त्यांच्यासोबत हिंडून हटकून चुकीच्या माणसावर संशय घेत. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"कुठल्या सिंहाचा फोटो?" ताईंनी विचारलं.

"माझ्या. म्हणजे मी वाढवलेल्या."

मुलगी जनावरांच्या दवाखान्यात काम करत होती. कॉलेज संपल्यावर ती आफ्रिकेत एका फार्मवर फुकट राबायला गेली होती. अनाथ छावे आहेत, मोठे झाले की जंगलात सोडतो, असं तिथल्यांनी सांगितलं होतं. तिच्या वाट्याला आला एक नर. भावंडानं चावल्यामुळे त्याच्या डाव्या कानाला खाच पडली होती.

"बाटलीनं दूध पाजायचे मी त्याला. शिट्टी वाजवली की कुठूनही धावत यायचा."

"फोटो एकच? आजच्या काळात?"

"आम्हाला फोन जवळ ठेवायची बंदी होती. छावे बावरतात म्हणायचे. निघताना तिथल्याच एकानं एक काढून दिला."

"आणि फार्म बघायला येणारे पाहुणे?"

"ते काढायचे फोटो. छाव्याला मांडीवर घेऊन."

ताईंनी मान हलवली आणि पुढे बोलू दिलं. आता सगळं घर आफ्रिकेला सफारीला निघालं होतं. बेत वडिलांचा. रविवारी सगळे सहल ठरवायला बसले आणि सोमवारी सकाळी फोटो गायब.

"जंगलातल्या रखवालदारांना तो फोटो दाखवणार होते मी. कोणी पाहिलाय का, जिवंत आहे का, एवढंच विचारायचं होतं. आता काय दाखवू?" ती म्हणाली. "मला तो जिवंत बघायचाय, मावशी."

---

घर मोठं होतं आणि भाऊजींना पाऊल टाकताक्षणी नकोसं झालं. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं, ते मांडीला चिकटत होतं. पॉलिशचा वास आणि कसल्याशा मलमाचा वास एकमेकांत मिसळून घशाशी येत होता.

मलम वडिलांचं निघालं. त्यांची लाकडाची वखार होती, म्हणून सगळे त्यांना वखारवाले म्हणत. माणूस उंच, हसरा, बोलायला मोकळा.

"एका फोटोसाठी तपासनीस? बरं, करा बापडे," ते म्हणाले आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, मी तुला खराखुरा सिंह दाखवतो. फोटोचं काय घेऊन बसलीस."

हात वर जाताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. सदऱ्याचा गळा सरकला आणि उजव्या खांद्याच्या पुढच्या खळग्यात काळानिळा डाग दिसला.

"लागलंय वाटतं," ताई म्हणाल्या.

"वखारीत फळी लागली खांद्यावर वाहताना."

ताईंची नजर आता समोरच्या भिंतीवर होती. तिथलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं होतं. त्या जागी भिंतीत जाड फळी बसवून चार दणकट बोल्ट ठोकले होते.

"इथे काय येणार?"

"सहलीची आठवण. मोठा फोटो लावणार आहे."

चोरीला गेलेल्या फोटोची जागा घरातल्या बोळात होती, मुलीच्या दारावर उंच. भाऊजींनी टाचा उंचावून पाहिलं तरी खुंटीला हात लागेना. स्वयंपाकघरातलं एकुलतं स्टूल त्यांनी तपासलं. त्यावर धुळीचा थर जसाच्या तसा होता. या शोधावर भाऊजी खूश झाले.

मुलीच्या आत्या पुढच्या खोलीतच घमेल्यात पाय बुडवून बसल्या होत्या. पाण्यात मीठ होतं आणि आणखी काहीबाही तरंगत होतं. भाऊजींनी तोंड फिरवलं.

"काढा तो राक्षस, असं मीच म्हणत होते," आत्यांनी आपण होऊन सांगितलं. "दारातून जाताना अंगावर काटा यायचा. सहलही मला नकोच आहे. पण त्या खुंटीपर्यंत पोचायला मला कोणीतरी उचलून घ्यायला हवं. हे गुडघे बघा."

त्यांनी गुडघे दाखवले. भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

"रविवारी काय झालं?"

"काय व्हायचं? तो सहलवाला आला होता. पोरीचा दादा कोपऱ्यात कॅमेरा पुसत बसलेला. माझा भाऊ आणि सहलवाला त्या काचेच्या पाटीवर, टॅब का काय म्हणतात त्यावर, राहायच्या खोल्या बघत होते. मग माझा भाऊ एकदम उठला आणि बोळात जाऊन पोरीच्या फोटोपुढे उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, कुठल्या कानाला गं खाच? पोरगी एवढी हरखली."

"आणि?"

"आणि काय, शिट्टी कशी वाजवायचीस ते दाखव म्हणाला. दोनदा आखूड, एकदा लांब. स्वतःही वाजवून बघितली. माझं डोकं उठलं. पण बापलेकीत एवढं तरी बोलणं झालं, म्हणून गप्प बसले."

मुलीचा दादा वरच्या खोलीत लांबलचक लेन्सशी झटत होता. तोही बापासारखाच उंच. त्याला फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं.

"मी मागितला होता तो फोटो," त्यानं कबूल केलं. "दिला नाही तिनं. फ्रेममधून काढूही देईना. म्हणून मी चोरला म्हणता?"

"शिट्टी पण मागितली होती?"

"शिट्टी घेऊन काय करू मी?" तो करवादला. "इथे माझंच कोणी ऐकत नाही. बाबांना दोन दिवस वेगळं कुठे तरी जायचंय, तर म्हटलं मी येतो. म्हणाले, तू नको आणि कॅमेरा तर अजिबात नको. मग आफ्रिकेला जायचं कशाला?"

बाहेर पडल्यावर भाऊजी म्हणाले, "दादाच. उंची आहे, कारण आहे, वर रागही आहे."

"शिट्टी कशाला नेली त्यानं?"

"दिशाभूल करायला."

"दिशाभूल करायची तर सोन्याची साखळी नेली असती," ताई म्हणाल्या.

---

सहलवाल्याच्या दुकानात भिंतभर जिराफ होते. तो स्वतः तेल लावून चप्प बसवलेल्या केसांचा, आणि बोलताना सतत हात चोळणारा. भाऊजींच्या हातात त्यानं बसायच्या आधीच रंगीत माहितीपत्रक कोंबलं.

"तुम्हीही या ना, साहेब. वहिनींना घेऊन या."

भाऊजींना मोह पडला. उघड्या जीपमधून हत्ती बघावेत, ही त्यांची जुनी हौस होती.

"प्राणी दिसतात ना पण नक्की?"

"खोटं कशाला बोलू? हत्ती बहुधा दिसतात. बिबट्या नशिबाचा भाग. आम्ही जंगलाची हमी देत नाही." मग सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "वखारवाल्यांचा सिंह तेवढा हमखास."

"त्यांचाच का?" ताईंनी विचारलं.

हात चोळणं थांबलं. "म्हणजे... सगळ्यांनाच. बोलायची पद्धत."

"त्यांचे ते दोन दिवस वेगळे कशासाठी आहेत?"

"धंद्याची बोलणी. लाकडाची. मला बाकी काही ठाऊक नाही."

दाराबाहेर आल्यावर भाऊजींनी माहितीपत्रक जपून खिशात ठेवलं. "प्रामाणिक वाटला. बिबट्याचं खरं सांगितलं."

"हो ना," ताई म्हणाल्या. "म्हणून तर सिंहाचंही खरंच असणार."

---

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी सगळ्यांना वखारवाल्यांच्या पुढच्या खोलीत बसवलं. सहलवाल्यालाही बोलावलं होतं, त्याच्या त्या काचेच्या पाटीसकट. आत्यांचं घमेलं होतंच.

"फोटो नेण्याचं कारण इथे बऱ्याच जणांना होतं," ताईंनी सुरुवात केली. "आत्याबाईंना भीती वाटायची, दादाला प्रदर्शनात लावायचा होता. म्हणून मी फोटो बाजूला ठेवला आणि शिट्टीचा विचार केला. ती कोणाला लागेल? जो त्या शिट्टीनं त्या सिंहाला बोलावणार आहे त्यालाच."

"जंगलातल्या सिंहाला?" दादा हसला.

"तो जंगलात नाही. ज्या फार्मवर पाहुणे छाव्याला मांडीवर घेऊन फोटो काढतात, पण राबणाऱ्या पोरांना फोन जवळ ठेवता येत नाही, तिथे काहीतरी झाकायचं असतं. जंगलात कोणता सिंह कुठे भेटेल, हे कोणी सांगू शकत नाही. हे सहलवालेसुद्धा बिबट्याची हमी देत नाहीत. सिंहाची देतात, कारण तो कुंपणात आहे."

ताई भिंतीकडे वळल्या.

"फोटो टांगायला एक खिळा पुरतो. चार बोल्ट आणि मागे फळी लागते ती जड वस्तूला. सहलीची आठवण म्हणालात, वखारवाले. ती जड आठवण आणायला तुम्ही दोन दिवस घरच्यांपासून वेगळे जाणार, आणि तिथे कॅमेरा नको. खांद्यावर फळी वाहताना वळ उठतो तो वरच्या बाजूला. तुमचा डाग पुढच्या खळग्यात आहे. तिथे बंदुकीचा दस्ता टेकवतात. सराव चाललाय ना?"

भाऊजींना आता कुठे उमगलं. रिकाम्या भिंतीवर त्यांना आयाळीसकट एक डोकं दिसलं.

"पैसे देऊन कुंपणातला सिंह मारतात, असे लोक आहेत जगात," ताई म्हणाल्या. "रविवारी तुम्ही खोल्या बघत नव्हता. सिंह निवडत होता. जो पसंत पडला त्याचा कान तुम्हाला ओळखीचा वाटला. खात्री करायला बोळात गेलात, लेकीला विचारलंत, कुठला कान? तिनं सांगितलं. त्या क्षणी दुसरा सिंह बघतो म्हणायला तुमची जीभ झडली नव्हती. तुम्ही काय केलंत? डोकं भिंतीवर लागल्यावर कोणी कान जुळवून बघू नये म्हणून स्टूलही न घेता फोटो उतरवलात. आणि शिकार सोपी व्हावी म्हणून शिट्टी शिकून घेतलीत. तिच्याकडूनच."

"पुरावा काय?" वखारवाल्यांचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

ताईंनी सहलवाल्यापुढे हात पसरला. त्यानं एकदा वखारवाल्यांकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि पाटी मुलीच्या हातात दिली. "मी फक्त बुकिंग केलं. बाकी त्यांचं त्यांनी ठरवलं. हा माणसाळलेला आहे, जवळ येतो, म्हणून नवशिक्याला बरा पडतो, एवढंच मी सांगितलं होतं."

पाटीवर दाट आयाळीचा सिंह तारेच्या जाळीला गाल घासत उभा होता. डाव्या कानाला खाच होती.

मुलगी खाली फरशीवर बसली आणि बापाकडे बघत राहिली.

"फोटो कुठे आहे, बाबा?"

"जाळला." मग वखारवाले चिडले. "एवढं काय झालं? जनावर आहे ते. मी नाही मारला तर पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी मारेल. त्यासाठीच वाढवलाय तो."

"हे मात्र खरं बोललात," ताई म्हणाल्या.

"त्यासाठीच," मुलगी स्वतःशी म्हणाली. "म्हणजे मी दूध पाजत होते ते त्यासाठीच. शिट्टी वाजली की माणसाकडे पळत यायचं, हे मीच शिकवलं त्याला."

भाऊजींना या घरातली हवासुद्धा नाकात घ्यायची किळस आली. खिशातलं माहितीपत्रक काढून त्यांनी ते सहलवाल्याच्या मांडीवर टाकलं आणि हात रुमालाला पुसले.

"माझी शिट्टी द्या," मुलगी म्हणाली.

वखारवाल्यांनी सदऱ्याच्या खिशातून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. तिनं ती घाण लागलेली वस्तू पुसावी तशी नीट पुसली. मग सहलवाल्याला विचारलं, "सिंह यांच्या नावावर ठरलाय ना?"

"हो."

"मग तो जिवंतच घ्यायचा. शिकार रद्द करा. असे सिंह मरेपर्यंत सांभाळणारी एक जागा आहे, आमच्या दवाखान्यातले डॉक्टर तिथल्या लोकांना ओळखतात. जंगलात तो आता जगायचा नाही. असं करता येतं?"

"करत नाही कोणी," सहलवाला पुटपुटला. "पण येतं. यांची सही लागेल."

"मी सही करणार नाही," वखारवाले म्हणाले.

आत्यांनी घमेल्यातून पाय बाहेर काढले. "करशील. आत्ता, माझ्यासमोर. आणि ते बोल्टही उपटून टाक, मला त्यांच्याखाली बसून जेवायचं नाहीये."

वखारवाल्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं खिशातलं पेन काढलं आणि बापापुढे धरलं. सही झाली.

मुलगी दारापर्यंत सोडायला आली. शिट्टी तिच्या मुठीत होती. ती स्वतः सिंहाबरोबर त्या नव्या जागेपर्यंत जाणार होती, दादा सोबत येणार होता.

"बरं झालं शिट्टी मिळाली," काहीतरी चांगलं बोलावं म्हणून भाऊजी म्हणाले. "हाक मारलीस की लगेच ओळखेल तुला."

"हाक मारायला नाही नेत, काका," ती म्हणाली. "रोज वाजवणार आणि दूध देणार नाही. तो येईल, बघेल, परत जाईल. पुन्हा वाजवणार, पुन्हा काही देणार नाही. शिट्टी ऐकून माणसाकडे यायचं नाही, एवढं शिकला की मी परत येईन."