दाब, धर, सोड

काकीच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असे, हे नवऱ्याच्या गॅरेजमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दुपारी तो नाकावर मावेनासा झाला होता. टेकडीच्या माथ्यावरच्या टॉवरला नवी बॅटरी पोचवून ती आणि तिचा नवरा जीपने उतरायला निघाले होते. तेवढ्यात फोन आला, की खाली दवाखान्यात त्यांच्या एकुलत्या लेकीला कळा सुरू झाल्या. जावई परगावी, लेक एकटी. आणि नेमक्या त्याच वेळी वाटेतल्या एका टोकदार दगडाने मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप फाडला.

पाइप गंजलाय, बदला, असं काकी कधीची सांगत होती. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. जगाच्या गाड्या तो ठणठणीत करी. घरच्या जीपचा नंबर मात्र कधी लागत नसे.

"उद्या बदलतो, उद्या बदलतो. झाला ना तुमचा उद्या?" काकी म्हणाली. "तहान लागल्यावर विहीर खणायची सवय तुम्हाला. पोरगी तिकडे ओरडत असेल आणि आपण इथे दगड बघत बसलोय."

"अगं, मी काय मुद्दाम..."

"बोलू नका माझ्याशी."

पुढे खरा प्रश्न होता. या ठिकाणी वाट सपाट होती, म्हणून हँडब्रेकवर जीप कशीबशी थांबली. पण यानंतर कातळाचा लांबलचक उतार होता, एका बाजूला दरी, आणि तो थेट दवाखान्याच्या मागच्या आवारात उतरत होता. तिथे एकटं इंजिन जीप आवरणार नव्हतं. चालत जायचं तर रात्र झाली असती.

मिस्त्रीने चाकांना दगड लावले आणि पान्यांची पिशवी घेऊन तो खाली सरकला. फाटलेला पाइप दुमडून त्याने पकडीने आवळला. आता नवं तेल ओतायचं आणि पाइपात शिरलेली हवा काढायची. या कामाला दोघं लागतात. एकाने वर बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खालचा स्क्रू सैल करून हवा जाऊ द्यायची, स्क्रू आवळायचा, मग वरच्याने पाय सोडायचा. ही दोघं कित्येक वर्षं हे काम जोडीने करत आली होती. एरवी मिस्त्री खालून "दाब" म्हणे, "सोड" म्हणे. भांडण झालं की तो पान्यानेच बोले. एक ठोका म्हणजे दाबून धर, दोन ठोके म्हणजे सोड. काकीला मात्र अबोल्यातही दोन शब्द बोलावेच लागत, "धरलं" आणि "सोडलं". ते ऐकल्याशिवाय खालच्याने हात हलवायचा नाही, असा नियम तिनेच घातला होता.

काकी सीटवर बसली आणि तिने काचा वर केल्या. धुकं चढत होतं. आधी दरी दिसेनाशी झाली, मग बॉनेटसुद्धा पुसट झालं. मिस्त्री एकदा काचेजवळ येऊन काहीतरी पुटपुटला. तिने तोंड फिरवलं. माफी मागत असेल, मागू दे, पोरीचं बाळंतपण पार पडल्यावर बघू, असं ती मनाशी म्हणाली.

थोड्या वेळाने खालून एक ठोका आला.

तिने ब्रेक दाबला. तो पोकळ होता, थेट तळाला गेला. "धरलं," ती तुसडेपणाने म्हणाली.

दोन ठोके.

"सोडलं."

असं चालू राहिलं. ठोका फार संथ येत होता. एरवी मिस्त्री घाई करी, खोकत असे, पाना पाडत असे. आज काहीच आवाज नव्हता. गाडीत ओल्या लोखंडाचा वास भरत चालला होता आणि बंद काचांमुळे तो डोक्यात जात होता. पण हळूहळू पायाखालचा ब्रेक घट्ट होऊ लागला. शेवटी तो असा कडक झाला, की नव्या गाडीचाही नसेल. काकीचा राग किंचित उतरला. काहीही म्हणा, कामाला माणूस वाघ आहे, असं तिला वाटून गेलं.

पुन्हा एक ठोका आला. "धरलं," ती म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या धुक्यातून मिस्त्री चालत आला. त्याच्या हातात ब्रेकच्या तेलाची बाटली होती.

तो दार उघडून धापा टाकत म्हणाला, "सापडली एकदाची. मागे खडकांवर हिसके बसले ना, तिथे पडली होती. पण फुटलीय गं. थेंब नाही आत."

काकीने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. पाय ब्रेकवर तसाच होता.

"तुम्ही... कधी गेलात?"

"सांगून नाही का गेलो काचेपाशी? बराच वेळ झाला की."

"मग खाली कोण आहे?"

मिस्त्री वाकला. बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"कोणी नाही," तो म्हणाला. "तू पाय काढ. आपण चालत जाऊ."

इथे दुसरी कोणी असती तर उतरून पळाली असती. काकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक एकटी, नवरा निष्काळजी, आणि आता हे वरून.

"ब्रेक लागतोय," ती म्हणाली. "कोणी का लावला असेना. दगड काढा आणि बसा."

मिस्त्रीने निमूट दगड काढले. तिने जीप पहिल्या गिअरला टाकली आणि पाय ब्रेकवर अर्धा दाबून ठेवत उतारावर घातली. चाकं कातळावर इंचाइंचाने सरकत होती. थेंबभर तेल नसलेला ब्रेक पकडत होता, अगदी नीट पकडत होता.

अर्ध्या उतारावर, चालत्या गाडीखालून दोन ठोके आले.

"सोड म्हणतंय..." मिस्त्री कुजबुजला.

"ऐकलं मी."

पुन्हा दोन ठोके. मग पुन्हा. आता ते संथ नव्हते. पायाखालचा पत्रा थरथरत होता. सवयीने काकीचा पाय उचलला जाऊ लागला, तसा तिने एका हाताने गुडघा दाबून धरला. ती घाबरली होती, पण त्याहून जास्त चिडली होती.

"नाही सोडणार," ती दात खाऊन म्हणाली. "माझी पोर वाट बघतेय. धरलंय ना मी? मग तूही धर."

ठोके थांबले. जीप आवारात उतरून उभी राहिली. काकी दार उघडं टाकून धावत आत गेली.

पहाटे नात झाली. लेक सुखरूप होती. काकी रडली आणि नवऱ्याशी बोललीसुद्धा. दोघं जीप आणायला मागे गेली, तर जीप हलेना. हँडब्रेक सैल होता, गिअर मोकळा होता, तरी दवाखान्यातल्या चार माणसांनी ढकलूनही चाक तसूभर फिरलं नाही. मिस्त्रीने ब्रेकच्या तेलाची टाकी उघडली. आत कोरडं ठणठणीत होतं. माणसं निघून गेल्यावर तो हळूच म्हणाला, "तू सोडलं असं म्हणाली नाहीस. तुझाच नियम आहे. ते अजून तसंच धरून बसलं असेल..."

काकीने ओठ आवळले. मग ती रिकाम्या सीटच्या दाराशी उभी राहिली आणि जमेल तितक्या सौम्यपणे म्हणाली, "सोडलं."

जीपने एक लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि ती बोटभर पुढे सरकली. मिस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला.

खालून एक ठोका आला.

दोघांच्या डोळ्यांदेखत ब्रेकचं पेडल हळूहळू आत गेलं. आणि त्या रिकाम्या सीटवरून, काकीच्याच आवाजात, काकीच्याच त्या तुसड्या सुरात उत्तर आलं, "धरलं."