स्कोप घ्यायचा राहून गेला

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ती त्यांच्यावर वैतागली होती, आणि कारणही तसंच होतं. स्कोप निवडायला दुकानात यायची ही कितवी खेप, हे मोजणंही तिनं सोडून दिलं होतं.

बाबांना घरी ॲम्प्लिफायर जुळवायचा नाद. सर्किटमधली लहर कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवणारा एक छोटा डबा, म्हणजे स्कोप, त्यांना हवा होता, एवढंच. पण घेण्याआधी तो स्वतःच्या सर्किटला लावून बघायचा, हा त्यांचा नेम. म्हणजे जड ॲम्प्लिफायर पिशवीतून तिनं वाहायचा, आणि काउंटरमागच्या तरुण दुकानदारानं प्रत्येक डब्यात खोट काढायची. बाबा त्याला शंकासुर म्हणत.

“काका, हा नका घेऊ,” तो त्या दिवशीही म्हणाला. “दोन्ही चॅनल एकदम लावले की याचा लहर टिपायचा वेग निम्म्यावर येतो.”

“आवाजाच्या कामाला पुरतो की रे तेवढा,” बाबा म्हणाले.

“पुरतो. पण उद्या तुम्ही रेडिओ उघडून बसाल, त्याला नाही पुरायचा.”

“हे मात्र खरं.” बाबा खूश.

तिला राहवेना. “तुम्हाला दुकान चालवायचंय की बंद पाडायचंय?”

“चालवायचंय.” वायर गुंडाळता गुंडाळता त्यानं तिच्याकडे पाहिलं— जरा जास्तच वेळ. “पुढच्या आठवड्यात नवा माल येतोय. तुम्ही... दोघं या.”

तिचे कान तापले. त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या बाबा गेले.

महिन्याभरानं ती एकटीच दुकानात आली. बाबांचा अर्धवट ॲम्प्लिफायर पुरा करायचाय, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

तो उठून उभा राहिला. त्याला कळलं होतं. त्यानं आतून एक डबा आणला, लॅपटॉपला जोडून लहर दाखवली आणि खोक्यात भरायला लागला.

“याच्यात काही खोट नाही?”

“नाही.”

“दोन्ही चॅनल लावले तर?”

“पुरा वेग.”

“आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल?”

“चालेल.”

“मग इतके दिवस हा होता कुठे?”

तो खोक्याला पट्टी चिकटवत राहिला. “मागच्या कपाटात. काकांना माहीत होतं. ते म्हणाले, राहू दे तिथंच. हा घेतला की माझी लेक इथं यायची थांबेल...”

तिला उलगडा झाला. म्हणजे दोघंही सामील— आणि ज्यांच्याशी कडाकडा भांडायचं, तेच नव्हते. तिनं खोकं स्वतःकडे ओढलं.

“पहिल्या खेपेपासून आवडता तुम्ही मला,” ती म्हणाली, वैतागलेल्याच आवाजात. “बाबांना तेवढं सांगायचं राहिलं.”