मालनचा हातमोजा

हिंदुरावने गाडीचं पुढचं उजवं चाक काढलं आणि तो तसाच बसून राहिला. समोर इंजिनाची क्रँक पुली होती, पट्टा फिरवणारी जाड चकती. तिच्यामागचं ऑइल सील, तेल अडवणारं रबरी कडं, गळत होतं. सगळ्या गाड्या विजेच्या झाल्यापासून उद्यमनगरातल्या गॅरेजांत पेट्रोल गाडीला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटची मेकॅनिक मालन होती, त्याची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

लेकीने, कांचनने, मालनचा स्मृतिमोजा पुढे केला. काम करणाऱ्या हाताची हालचाल हा मोजा साठवायचा आणि पुढे जो घालेल त्याचा हात तसाच चालवायचा.

“घाला की आबा. कपाटात ठेवून काय पुजायचाय?”

“माझा हात कणकेतला, पान्यातला नव्हे, बाई. मी जोर केला तर तिचं पुसून माझं उमटायचं.”

“मग जोर करू नका. आईपुढं कधी चाललीय तुमची, ती आज चालणार?”

हिंदुरावला हसू आलं. त्याने मोजा चढवला. बोटं आपसूक पान्याकडे गेली. पट्टा उतरला. इंजिन फिरू नये म्हणून कांचन गाडी गियरमध्ये टाकून ब्रेक दाबून बसली. बोल्ट करकरत सुटला. मग त्याने आपल्याच अंदाजाने पुली ओढून काढायच्या पुलरचे पंजे तिच्या बाहेरच्या कडेला अडकवले. मोज्याने हात मागे ओढला. त्याने पुन्हा रेटलं. मोज्याच्या मनगटावरचा हिरवा दिवा पिवळा झाला.

“आबा, पुसतंय! सोडा हात!”

त्याने खांदा सैल सोडला. पंजे आतल्या जाड भागाला जाऊन बसले. कड ओढली असती तर कड आणि या भागामधलं रबर फाटलं असतं. पुली अलगद हातात आली.

नवं सील बसलं, पुली खाचेत जुळली. बोल्ट आवळण्याआधी हात जरासा उलटा फिरला. आटे जुळले, टक् वाजलं, मग सरळ फिरला. लोणच्याच्या बरणीचं झाकणही मालन असंच लावायची, आणि तो तिला चिडवायचा. त्याचे डोळे भरले. दिवा पुन्हा हिरवा झाला होता.

इंजिन सुरू झालं. खाली थेंबही पडला नाही. हिंदुराव जमिनीवरच फतकल मारून बसला. कित्येक महिन्यांनी छाती हलकी वाटत होती.

कांचनने मोजा तपासला. “आईचं सगळं शाबूत आहे. फक्त पुलरपाशी तुमचं उमटलंय. हात रेटतो, मग सैल सुटतो. काढून टाकू?”

“राहू दे.”

कधीतरी कांचन हा मोजा घालेल. त्या जागी आल्यावर तिच्या हाताला कुणाचा हात लागेल, आईचा की बापाचा?