बिनदाराच्या घरातली माधुरी

ही घटना घडलेली आहे. ज्या दोघांनी ती भोगली, ती माणसं आमच्या नात्यातली आहेत. दोघंही हयात आहेत.

त्यांच्या घराला आजही दार नाही.

तुम्हाला वाटेल, रात्रीची गोष्ट असेल. तसं नाही. भर दुपारची आहे.

साल १९९६ संपत आलं होतं. ठिकाण राहुरी. कारखान्याचा हंगाम जोरात होता. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायच्या, आणि हवेतून बारीक काळी काजळी सगळ्या घरांवर पडत राहायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पत्र्यांवर, दारांवर.

दारांवरची ही काजळी ध्यानात ठेवा.

मथुरा आणि रंगनाथ दिवाळीनंतर राहुरीला आले. त्याआधी शिंगणापूरला राहायचे. तिथल्या घरांना दारं नसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चौकट असते, पडदा असतो. कुत्रं शिरू नये म्हणून कुणी आडवी फळी लावतं. तेवढंच.

त्यांची एकुलती एक मुलगी माधुरी त्याच घरात जन्मली, त्याच घरात वाढली.

एकदा तिला नगरला लग्नाला नेलं होतं. पाहुण्यांच्या घरात सगळी बायामाणसं आत गेली आणि मागं दार लागलं. पोर बाहेर राहिली. बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं. बघतात तर ही दाराला दोन्ही तळवे लावून उभी, हळूहळू थापट्या मारत. ना हाक, ना रडणं. कडी तिच्या हाताला येत होती, पण कडीकडं तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.

"आई, ह्या घरानं तोंड मिटलंय," ती म्हणाली.

सगळा मांडव हसला. मथुराही हसली.

मथुराला टेडी बनवायचा भारी नाद. सोनईच्या शिवणवर्गात शिकली होती, पण पुढं सगळं डोकं तिचंच. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर ती स्वतः फर्मे काढायची. कान मोठे करून बघ, पोट गोल करून बघ, असं तिचं चालायचं. नगरच्या कापडबाजारातून केसाळ कापड आणायची, काळ्या बटणांचे डोळे लावायची, काळ्या दोऱ्यानं नाक भरायची. तिच्या हातच्या प्रत्येक टेडीची मान जराशी कलती असायची. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

टेडी उलटा शिवतात. मग पाठीला ठेवलेल्या फटीतून सुलटा करतात आणि त्याच फटीतून कापूस भरतात. पोट भरायला सोपं. पंजे अवघड. मोठ्या माणसाची बोटं तिथपर्यंत पोचत नाहीत.

ते काम माधुरीचं होतं.

दुपारी जेवणं झाली की मायलेकी पडद्याआड बसायच्या. माधुरी इवल्या बोटानं पंज्यांत कापूस कोंबायची. कोंबून कोंबून पंजा दगडासारखा टणक करायची. मथुरा रागवायची, अगं जरा मऊ राहू दे.

माधुरी म्हणायची, "न्हाई. त्याचं हात गार पडत्यात."

तिचा स्वतःचा टेडी मात्र कधी व्हायचाच नाही. झाला की कुणीतरी पाहुणं यायचं, त्यांचं पोर त्याच्यावर हट्ट धरायचं, आणि मथुरा देऊन टाकायची. पुढचा तुझा, म्हणायची. शेवटी एक तपकिरी टेडी तिनं माधुरीच्या नावानंच बेतला. शिवून झाला, सुलटा झाला. फक्त कापूस भरायचा राहिला.

भादव्यात माधुरीला ताप आला. डोक्यात गेला. सोनई केलं, नगर केलं.

परत आणली तेव्हा तिचे हात गार होते.

सहा वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती तिला.

तो रिकामा टेडी मथुरानं ट्रंकेत ठेवून दिला. नुसतं कातडं. आत काही नाही.

पुढं त्या घरात मथुराला राहवेना. वाऱ्यानं पडदा हलला की ती उठायची. दिवसातून कितीदा उठायची. रंगनाथला ते बघवेना. त्यानं राहुरीला रोपवाटिकेत काम धरलं आणि पुंजाराम नावाच्या माणसाची खोली भाड्यानं घेतली. मुद्दाम भक्कम दाराची. सागवानी दोन फळ्या, लोखंडी कडी.

पडदा नको नि हलायला नको, एवढाच त्याचा विचार.

पहिल्या काही दुपारी काही झालं नाही.

मग एक दिवस मथुरा भांडी आवरून टेकली होती. दार लावलेलं होतं.

थप्…

तिला वाटलं, मांजर.

थप्… थप्…

बोटांची टकटक नव्हती. तळव्याचा आवाज होता. आणि खालून येत होता.

तिनं दार उघडलं. गल्ली मोकळी होती. ऊन पडलेलं. एक कोंबडी माती उकरत होती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्याही.

शेजारी मरियाबाई राहायच्या. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला फटकळ. मथुरानं त्यांना विचारलं. त्यांनीही आवाज ऐकला होता. म्हणाल्या, गल्लीतली पोरं टवाळ आहेत, माझ्या दारापुढं नाताळची चांदणीसुद्धा टिकू देत नाहीत, एकाला धरून कान पिळ म्हणजे बंद होईल.

म्हणून मथुरा त्या दुपारी दाराला कान लावून, कडीवर हात ठेवून बसली.

थप्…

तिनं त्याच क्षणी दार ओढलं.

कुणी नव्हतं.

पण दाराच्या बाहेरच्या बाजूला काजळी बसली होती. त्या काजळीत… कडीच्या खूप खाली… लहान तळवे उमटले होते. दोन्ही हातांचे. बोटं पसरलेली.

मथुरा उंबऱ्यावर बसली.

पोरीला दार माहीत नव्हतं. कडी माहीत नव्हती. रोज दुपारी ती येत होती, आणि घरानं तोंड मिटलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मथुरानं दार सताड उघडं ठेवलं. जुन्या लुगड्याचा पडदा लावला. ट्रंक उघडून तपकिरी टेडी काढला, पिंजलेला कापूस काढला, दोन्ही चटईवर ठेवलं. आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

पाठीमागं पडदा हलला…

वारा नव्हता.

मग बराच वेळ काही नाही. मग कापसाचा आवाज. कापसाला आवाज नसतो म्हणतात. असतो. ज्यानं हातानं भरलाय त्याला तो कळतो.

ती उठली तेव्हा टेडीचा एक पाय भरलेला होता. दगडासारखा टणक.

मथुरा रडली नाही. भादव्यानंतर पहिल्यांदाच तिनं त्या दिवशी नीट जेवण केलं.

पुढच्या दिवसांत दुसरा पाय भरला. मग एक हात. घरात पुन्हा फोडणीचा वास यायला लागला. ती गुळाची पोळी करायला लागली, तिघांच्या बेतानं. रंगनाथ आधी सुखावला, मग घाबरला. त्यानं शिंगणापूरहून आईला बोलावून घेतलं.

आक्काबाई, म्हणजे मथुराची सासू, टेडी हातात घेऊन कितीतरी वेळ त्याचे टणक पंजे दाबत राहिल्या. नातीचं काम त्यांनी ओळखलं. मग टेडी खाली ठेवून म्हणाल्या, "मथुरे, काम अर्धं ठिवून गेलीया, म्हून येती. पुरं झालं की जाईल. जाऊ दे तिला."

मथुरानं मान हलवली.

आणि सासू गावी गेल्यावर तिनं उरलेला सगळा कापूस फडक्यात बांधून मरियाबाईंकडं नेऊन ठेवला.

पोरीच्या कामातला एकच हात राहिला होता. तो भरायचाच नाही. म्हणजे ती येत राहील.

त्या दुपारी पडदा हलला. मथुरा भिंतीकडं तोंड करून पडली होती.

चटईवर हात फिरल्यासारखा आवाज… मग ट्रंकेच्या कडेला… मग बटणांचा डबा सरकला… मग पुन्हा चटई.

कुणीतरी शोधत होतं. घाई नाही, आदळआपट नाही. माधुरी कधीच आदळआपट करायची नाही.

मग आवाज थांबला.

आणि मथुराच्या हाताला, उघड्या तळव्याला, काहीतरी लागलं. टेडीचा रिकामा हात. नुसतं कापड. कुणीतरी तो तिच्या तळव्यावर आणून ठेवला होता.

गार होता.

मथुरानं तोंडात पदर कोंबला. उठली, डोळे मिटूनच पडदा बाजूला केला, मरियाबाईंकडून कापूस आणला आणि चटईवर ठेवला.

"भर बाई," ती म्हणाली. "तुझाच हाय."

शेवटचा हात भरला गेला. संध्याकाळी मथुरानं उरलेल्या कापसानं डोकं-पोट भरलं आणि पाठीची फट शिवली. बारीक टाके घातले, दिसणार नाहीत असे. मग काळे डोळे, मग नाक. मान आपोआप कलती झाली.

दुसऱ्या दुपारी पडदा हलला नाही. त्याच्या पुढच्या दुपारीही नाही.

रंगनाथला हायसं वाटलं. आक्काबाईंचं म्हणणं खरं ठरलं असं त्यानं मानलं. काही दिवस बायकोला गावी न्यावं, अमावस्येला देवाला तेल घालावं, असं ठरलं. निघताना टेडी सोबत घ्यायचा म्हणून मथुरा शोधू लागली, तर रंगनाथ म्हणाला, राहू दे त्याला इथंच, आता बास.

त्यानं पडदा काढून घडी करून आत ठेवला. दार ओढलं. कडी घातली. कुलूप लावलं.

शिंगणापूरला मथुरा शांत होती. आक्काबाईंशी बोलली, शेजारणींकडं गेली. पोर सुखरूप गेली, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाली. एवढं म्हणायला तिला काय लागलं असेल, ते तिचं तिला ठाऊक.

परत आले तेव्हा दुपारच होती.

मरियाबाई ओट्यावर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. दोघांना बघताच त्या उठून पुढं आल्या.

"कुठं होतात तुम्ही?" त्यांनी विचारलं. "किती वाजवतंय ते. रोज दुपारी. मी बाहेरून म्हणायचे, बाळा, कडी काढ. मग लक्षात यायचं, कुलूप बाहेरून आहे. पुंजारामही गावाला, किल्ली कुणाकडं मागू?"

रंगनाथनं कुलूप काढलं. दार ढकललं तर उघडेना. आतून काहीतरी टेकलेलं होतं. जोर लावल्यावर ते सरकलं.

तपकिरी टेडी. दाराला तोंड लावून बसलेला. पुढचे दोन्ही पंजे काळे झालेले.

रंगनाथनं आत जाऊन दार लोटलं आणि आतली बाजू पाहिली. झरोक्यातून आलेली काजळी तिथंही बसली होती.

खालपासून… एका लहान पोराचा हात जिथवर पोचेल तिथपर्यंत… सगळ्या दारावर तळवेच तळवे. एकावर एक.

ती गेलीच नव्हती. काम झाल्यावर आपला टेडी घेऊन आईच्या घरात बसली होती. आणि आईबापांनी बाहेरून कडी घातली होती.

मथुरा दारावरच्या त्या हातांना गाल लावून उभी राहिली.

रंगनाथ मागं गेला, पहार घेऊन आला. दोन्ही फळ्या बिजागऱ्यांतून उचकटल्या, खांद्यावर घेतल्या आणि गल्लीच्या टोकाला नेऊन टाकल्या. पुंजाराम आल्यावर भांडला. रंगनाथनं ऐकून घेतलं. दार काही परत बसवू दिलं नाही. पुढं जमलं तेव्हा ती खोली विकतच घेतली.

आता दोघंही म्हातारी झाली आहेत. मथुरा अजून टेडी बनवते. पंजे तिच्या बोटांनी भरत नाहीत. ती पाठीची फट उघडी ठेवून टेडी चटईवर ठेवते आणि भिंतीकडं तोंड करून पडते. पुढचं ती सांगत नाही, आम्ही विचारत नाही.

मागच्या महिन्यात आमच्याकडं एक लग्न होतं. त्यांना न्यायला आम्ही गेलो. दुपारची वेळ. रंगनाथ बाहेर आला. मथुरा बाहेर आली. पण तिनं पडदा सोडला नाही. हातानं वर धरून उभी राहिली. उशीर होत होता. गाडीवाला भोंगा वाजवत होता.

"चला की," आमच्यातलं कुणीतरी म्हणालं.

"थांबा," रंगनाथ हळूच म्हणाला. "बाहेर पडू द्या."

मथुरा उंबऱ्याकडं बघत उभी होती. मग तिनं पडदा सोडला आणि चालायला लागली. तिचा एक हात थोडा खाली होता, मूठ अर्धवट मिटलेली.

गाडीत ती खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

आमच्यापैकी कुणीही तिथं बसलं नाही.