ठेवायचा की काढायचा?

जिन्यात कुणी आडवं आलं की टिटवी एरवी चार शब्द सुनावल्याशिवाय सोडायची नाही. त्या मंगळवारी मात्र तिचे दोन्ही हात अडकलेले होते. लिफ्ट बंद, हातात भलंमोठं जुनं खोकं, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नेमका खोक्याचा तळ फाटायला आलेला. तेवढ्यात दातांच्या दवाखान्यातून एक उंच तरुण गाल धरून बाहेर पडला. त्याने एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे… आणि मुकाट्याने तळाखाली हात घातला.

"अहो, राहू द्या, मी नेते —"

तो हसला फक्त. तेही अर्धंच! ओठांचा डावा कोपरा वर गेला आणि उजवा जागचा हलला नाही. काय आगाऊ माणूस आहे, असं टिटवीच्या मनात आलं. तिसऱ्या मजल्यावर, स्टुडिओच्या दारात खोकं टेकवल्यावर त्याने खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि मागे लिहिलं : 'गाल बधिर आहे. बोललो तर लाळ गळेल. खोक्यावरचं चित्र खरं आहे ना? आत फेडर आहेत?'

टिटवीला इतकं हसू आलं की ती पायरीवर बसलीच. "आहेत हो! आठ आहेत. पण चालतील की नाही, देव जाणे."

त्याने पुन्हा लिहिलं : 'मी हेच दुरुस्त करतो.'

आता याला योगायोग म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचे बाबा रेकॉर्डिस्ट. गाणी ध्वनिमुद्रित करण्यात त्यांची उभी हयात गेली. ती दहा महिन्यांची असताना एका गाण्याच्या मध्यात अशी काही किंचाळली होती की सगळे वादक थांबले. बाबांनी मात्र शांतपणे ते पुन्हा ऐकलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "ठेवायचा की काढायचा?" कुणाचा श्वास असो, खुर्चीची करकर असो की खोकला, प्रत्येक आगंतुक आवाजाला बाबा हा प्रश्न विचारायचेच. ती किंकाळी त्यांनी ठेवली. त्या गाण्यात ती अजून आहे, आणि त्या दिवसापासून पोरीचं नाव टिटवी पडलं ते पडलंच.

पण दोन वर्षांपूर्वी बाबांच्या नजरेतला मधला भाग गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. आताचं सगळं काम पडद्यावर, माउसच्या बाणाने. तो बाण त्यांना सापडेना. मग टिटवीने काम हातात घेतलं आणि बाबा मागच्या सोफ्यावर, हात मांडीवर ठेवून, नुसते ऐकत बसायला लागले. ते हात तसे पडलेले पाहिले की टिटवी मान वळवून पडद्याकडे बघायची.

आणि आता बाईंचं गाणं आलं होतं, गाऊन झालेलं, पण सगळे आवाज एकमेकांत मिसळायचे राहिलेलं. बाई म्हणजे थोर गायिका, तीस वर्षं बाबांच्याच हाताखाली गायलेल्या. त्यांनी साफ सांगितलं होतं, "हे माझं शेवटचं गाणं. यांच्या बोटांखालून गेलं तर बाहेर येईल, नाहीतर राहू दे बंद पेटीत. शनिवारी अकराला येते मी."

म्हणून ते खोकं. त्यात कंट्रोल सरफेस होता. म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या आठ दांड्यांची एक पाटी. त्या दांड्यांना म्हणायचं फेडर. पाटीतून आवाज निघत नाही. बोटांनी काय केलं ते ती कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरला सांगते, आणि सॉफ्टवेअरने काही हलवलं तर तिच्या फेडरांना मोटर असल्यामुळे ते आपोआप सरकतात. बाबांना पडदा नको होता. त्यांना फेडर हवे होते.

पाटी जोडली. आठही फेडर एका दमात वर उसळले… आणि तिथेच मेले.

बधिर गालाच्या त्या माणसाने — बाबांनी त्याचं नाव लगेच तारवाला ठेवून टाकलं — आधी पाटीवर नुसता तळहात ठेवला. कुठलंही बटण दाबलं नाही. टिटवी पाहतच राहिली. तिला यंत्रावर थापा मारणारी माणसं माहीत होती, हा यंत्राला आधी शांत करणारा पहिलाच. केबल बदलली, दुसऱ्या भोकात खोवली, सॉफ्टवेअरमध्ये पाटीचं नाव निवडलं, पाटीचा ड्रायव्हर-प्रोग्राम काढून पुन्हा घातला. प्रत्येक पायरीला एक चिठ्ठी. संध्याकाळी शेवटची चिठ्ठी आली : 'मला कळलेलं नाही. उद्या येऊ?'

"कळलेलं नाही" असं इतक्या सहज लिहून देणारा कारागीर टिटवीने जन्मात पाहिला नव्हता. ती चिठ्ठी तिने टाकली नाही. का, ते तिलाच विचारा.

बुधवारी त्याचा गाल जागा झाला होता. आवाज… बरा होता. बरा म्हणजे, टिटवीने दोनदा कान टवकारले इतका.

"रिकाम्या फाइलमध्ये पाटी धावते," तो म्हणाला. "तुमचं गाणं उघडलं की बेशुद्ध. म्हणजे पाटी ठणठणीत आहे. तुमच्या गाण्यात काहीतरी आहे."

"माझ्या गाण्यात? काही नाही हं माझ्या गाण्यात!"

"तसं नाही म्हणालो हो मी…" त्याने जीभ चावली. "गाण्यात बरंच काही आहे. काल गालामुळे सांगता आलं नाही."

टिटवीने घाईने विषय बदलला. शनिवारी बाईंना एखादी ओळ पुन्हा गावीशी वाटली तर, म्हणून त्यांच्या माइकची पातळी बघायला तिने त्याला काचेपलीकडच्या खोलीत उभं केलं. "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. कविता म्हणा."

"मी आणि कविता!" म्हणून तो हसला. मोठ्याने, मोकळं, अख्खं हसला. पडद्यावर त्या हसण्याचा एक छानसा डोंगर उमटला. चाचणी झाली की पुसायचं, हा तिचा रोजचा रिवाज. तिचं बोट बटणापर्यंत गेलंही… आणि मागे आलं. तिने पडद्यावरचा त्याचा फेडर अगदी तळाला टेकवून ठेवला, म्हणजे कुणाला ऐकू यायला नको.

गुरुवारी कुठल्याशा शाळेचा बिघडलेला माइक त्याच्या गळ्यात पडला. टिटवी दिवसभर दाराकडे बघत होती, पण आपण बघतोय हे तिला मान्य नव्हतं.

"लिफ्ट सुरू झाली वाटतं," ती मध्येच म्हणाली.

"लिफ्ट कालपासून सुरू आहे," बाबा म्हणाले. "तुझी टिवटिव मात्र आज बंद आहे." बाबांची नजर गेली होती, कान शाबूत होते.

शुक्रवारी तो आला तो बाह्या सरसावूनच. नवी फाइल उघडली आणि गाण्यातला एकेक ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याची पट्टी, तिथे नव्याने आणू लागला. एक ट्रॅक आला, पाटी जिवंत. टिटवीने त्याच्यासमोर चहा ठेवला, आणि ट्रॅकला नुसतंच 'ऑडिओ १' म्हटलेलं पाहून तिच्याच्याने राहवेना. तिने सवयीने त्यावर टाइप केलं : 'रुसलेलं व्हायोलिन'.

फेडर वर उसळले. मेले.

"थांबा!" तो ओरडला. "आत्ता काय केलंत?"

"मी? मी काहीच नाही… नाव दिलं फक्त."

"कोणत्या लिपीत?"

"मराठीत! मग काय चिनीत देऊ?"

तो खुर्चीतून उठलाच. मग तिच्याकडे बघून खोखो हसत सुटला. पाटीवर प्रत्येक फेडरच्या डोक्यावर एक इवलीशी खिडकी होती, तिच्यात ट्रॅकचं नाव उमटायचं. म्हाताऱ्या पाटीला फक्त रोमन अक्षरं कळायची, तीही सहाच. देवनागरी दिसली की तिची बोबडी वळायची. तीन दिवस केबली उपसल्या, आणि चोर निघाला टिटवीच्या हौसेत!

"माझंच चुकलं," ती पडेल आवाजात म्हणाली. "तुमचे तीन दिवस फुकट गेले."

"कोण म्हणतं फुकट?" तो पटकन बोलून गेला. मग दोघंही पडद्याकडे बघू लागले.

आता गाण्याच्या फाइलमधली सगळी नावं रोमनमध्ये करायची होती. तो एकेक मराठी नाव मोठ्याने वाचायचा, ती टाइप करायची. 'पंखा मरत नाही'. 'बाईंचा श्वास'. 'तबला, जेवून आलेला'. प्रत्येक नावाला त्याच्या चेहऱ्यावर कौतुक वाढत होतं. "इतक्या प्रेमाने आवाज ऐकणारं माणूस नाही पाहिलं मी," तो म्हणाला आणि पुढचं वाचलं, "'तारवाला…'"

तो थांबला.

"'तारवाला हसतो'," त्याने हळूच पुरं केलं.

टिटवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ते… चाचणी होती. पातळीची."

"पुसायचं राहून गेलं?"

"हो… म्हणजे… टाइप करू का पुढे?"

सहा रोमन अक्षरांत आठव्या खिडकीत 'TARVAL' एवढंच मावलं. मग त्याने घसा खाकरून, अगदी मास्तरासारखं, तिला शेवटचं बटण समजावलं. "याचे दोन प्रकार. टचवर ठेवलंत तर फेडर तुमचं ऐकतो ते बोट आहे तोवर. बोट उचललं की आपल्या जुन्या जागी परत. लॅचवर ठेवलंत, तर जिथे सोडाल तिथेच राहतो."

"आणि माणसांचं कसं असतं?" टिटवीने बटणाकडे बघत विचारलं.

"माणसांचं… मॅन्युअल वाचून सांगतो," म्हणून तो पिशवी घेऊन निघाला. जिन्यात दोनदा अडखळला म्हणे.

शनिवारी अकराच्या ठोक्याला बाई आल्या आणि काही न बोलता सोफ्यावर बसल्या, बाबांच्या रोजच्या जागी. बाबा दोन वर्षांनी पुढच्या खुर्चीत. त्यांनी आठही फेडरांवरून हात फिरवला, एखाद्या जुन्या मित्राची पाठ चाचपावी तसा. गाणं सुरू झालं. बाईंचा फेडर बाबांनी हळूच वर नेला… आणि तो त्यांच्या बोटाखालून हिसका देऊन खाली गेला. पुन्हा नेला. पुन्हा हिसका. तिसऱ्या वेळी बाबांनी हात काढून घेतले आणि मांडीवर ठेवले.

"याला मी नकोय गं," ते म्हणाले. "राहू दे."

टिटवीने फेडर हलवून पाहिला, तिचं सुरळीत ऐकत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता बाईही उठणार, गाणं पेटीत जाणार, आणि बाबांचे हात पुन्हा कधी पुढे येणार नाहीत, हे तिला लख्ख दिसत होतं.

भिंतीशी उभा राहून बघणारा तारवाला पुढे आला आणि बाबांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. त्याने फेडरला हात लावलाच नाही. बाबांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"काका, बोटं कोरडी पडलीत तुमची. याला बोटाचा ओलावा लागतो, तरच कळतं की कुणीतरी धरलंय. नाहीतर त्याला वाटतं, आपण एकटेच आहोत." तो आत जाऊन वाटीत पाणी घेऊन आला. "बुडवा बोट. पुस्तकाचं पान उलटताना करतो ना, तेवढंच ओलं."

बाबांनी बोट भिजवलं, रुमालाला टिपलं, फेडरवर ठेवलं.

फेडर थांबला. बाबांचा झाला.

मग जे झालं ते मी काय सांगू! बाईंचा आवाज पुढे आला, व्हायोलिन रुसवा सोडून मागे सरकलं, तबला दबकत दबकत जवळ आला. बाबांचं तोंड छताकडे होतं आणि एकेक करून भिजवलेली दहाही बोटं जागी होती. तारवाला तोंडाचा आ करून त्या बोटांकडे बघत होता, आणि टिटवी त्याच्याकडे. माणूस असा असावा, तिला वाटलं. दुसऱ्याचं कसब बघताना ज्याला स्वतःचा विसर पडतो, असा.

आणि नेमकं तेव्हाच, शेवटच्या ओळीनंतरच्या शांततेत, बाबांच्या करंगळीने आठवा फेडर वर नेला.

दोन्ही स्पीकरमधून, अख्ख्या खोलीभर, तारवाला हसला.

बाई दचकल्या. "अगं बाई! हा कोण?"

टिटवीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तारवाल्याने पिशवी उचलली, कुठे जायचं ते त्यालाही माहीत नसावं. बाबांनी मात्र मान किंचित तिरकी केली, हसणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि करंगळी तशीच ठेवून, तीस वर्षं विचारला तोच प्रश्न त्याच सुरात विचारला,

"टिटवे… हा ठेवायचा की काढायचा?"

टिटवीने एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा दाराशी उभ्या असलेल्या त्या उंच, घाबरलेल्या माणसाकडे.

"ठेवायचा, बाबा."

"माझ्या गाण्यात नको हं," बाई म्हणाल्या. "गाण्याबाहेर ठेव हवा तितका!" आणि आधी बाबा हसले, मग बाई.

त्या गडबडीत तारवाला तिच्यापाशी आला. "काल मॅन्युअल वाचलं मी," तो पुटपुटला. "माणसांचं नाही दिलेलं. म्हणून… तुम्हालाच विचारतो. टच की लॅच?"

"वेडा आहेस का तू?" तिने जन्मात पहिल्यांदा त्याला 'तू' म्हटलं. "लॅच!"

तो हसला. डावा कोपरा वर गेला, उजवाही गेला. मग त्याने पिशवी परत खाली ठेवली आणि बाबांच्या वाटीत पाणी कमी झालं होतं, ते भरायला आत गेला.