पुष्करचं एका शब्दाचं पत्र

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला रिक्षावाल्याशी हिंदीत हुज्जत घालणाऱ्या पुष्करची रक्षिताला दया आली. तिने कन्नडमध्ये दोन शब्द बोलून भांडण मिटवलं आणि फोनवर म्हणाली, “स्वल्प उशीर होईल अम्मा, तुम्ही जेवून घ्या.” पुण्याचा पुष्कर बघतच राहिला. साडेतीनशे वर्षं इथे राहिलेल्या घराण्याचं कन्नड मिसळलेलं मराठी तो पहिल्यांदाच ऐकत होता.

निघाले दोघं एकाच ऑफिसातले. मग दर रविवारी तिच्या बनशंकरीच्या घरी त्याचं पान ठरलेलं. तिच्या मराठीची तो चेष्टा करायचा, ती लटकं रागवायची... आणि दोन वर्षांत ती त्याच्या पुरती प्रेमात पडली. सांगायचं मात्र राहून गेलं.

अशात कंपनीने पुष्करला विचारलं, पुण्याला परतणार की इथेच राहणार? सोमवारपर्यंत लेखी कळवा. ऑफिसातल्या सगळ्यांचं इंग्रजी रक्षिताच तपासायची, त्यामुळे त्याचं उत्तराचं पत्रही तिच्याकडेच आलं.

“या शहराशी ‘अडॅप्ट’ झालोय, असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे जुळवून घेतलंय.”

“आणि अडॉप्ट म्हणजे?”

“आपलंसं केलंय.”

“मग आहे तेच ठीक. जुळवूनच तर घेतोय, तुमच्या दहीभाताशीसुद्धा.”

तो हसला. तिला हसू आलं नाही. जुळवून घेणारा उद्या पुण्याशीही जुळवून घेईल, मग आपलं काय? तिने पत्र तसंच परत दिलं.

रविवारी जेवणं झाल्यावर तो गॅलरीत आईशी फोनवर बोलत होता. ताटं उचलता उचलता तिच्या कानावर पडलं,

“स्वल्प थांब गं आई... हो, जेवलो. शेवटी दहीभात नसला तर जेवल्यासारखं वाटतच नाही.”

“हे कसलं रे मराठी?” स्पीकरवर आई हसली. “वाण नाही पण गुण लागला.”

“आमच्या घरचं आहे,” तो सहज म्हणाला.

रक्षिता जागच्या जागी थांबली. इथे त्याला कोणाला खूश करायचं नव्हतं. फोन ठेवून तो वळला आणि कानापर्यंत लाल झाला.

“कधीपासून उभी आहेस?”

“आमच्या घरापासून. पत्र दिलंत?”

“नाही... तो एक शब्द बदलायचाय. मला तू हवी आहेस, रक्षिता. शहर तुझ्यामागून आपलंसं झालं.”

तिचे डोळे भरून आले, पण ओठ हसतच होते.

“मग बदल की तूच,” ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ‘तू’ आलं होतं.

“आणि आईला सांगू?”

“सांग. पण स्वल्प हळू, अम्मा आत आहेत.”