काठावरच्या दोन थापा

जाळ्यात गुरफटलेला देवमासा जिवंत असतानाच गाठायचा आणि त्याच्या अंगावरचे दोर कापून त्याला मोकळं करायचं, एवढ्या एकाच कामासाठी एवारिस्तोमामाची होडी त्या सकाळी त्रिबुगाच्या आखातातून बाहेर पडली. तरणा देवमासा दक्षिणेकडे निघाला आहे, त्याला धड बुडीही मारता येत नाही, अशी खबर रेडिओवर आली होती. किनाऱ्यावरचं हिरवंगार जंगल धुक्यात मागे पडलं, आणि होडीखालचं पाणी हळूहळू निळं, मग जवळजवळ काळं झालं.

होडीत चौघं होती, सगळ्यांच्या अंगात नारिंगी तरंगती जाकिटं. पुढच्या टोकाला, नाळेपाशी, लांब काठीला बांधलेली वाकडी सुरी घेऊन मामा, इंजिनावर तुलियो, आणि मधल्या फळीवर दोघी बहिणी: मामाची भाची देयानिरा आणि मामाची मुलगी आरेलिस.

देवमाशाला नेमका कोणता दोर आवळतो आहे हे कळल्याशिवाय त्याच्या जवळ जाणं म्हणजे जिवाशी खेळ. ते वरून पाहण्यासाठी ड्रोन लागत असे, आणि गेले चार हंगाम तो देयानिराच उडवत होती. या हंगामात आरेलिस काली शहरातून शिकून परतली ती नवा ड्रोन घेऊनच. निघताना मामा सहज बोलावं तसं म्हणाला, "आज आरेलिस उडवेल. तू झेल."

"काय गं देयानिरा, आज एकदम गोलकीपर?" तुलियो दात काढत म्हणाला. "हातमोजे आणलेस ना?"

"तू इंजिन सांभाळ. मागच्या खेपेला कोणी वल्ही मारत घरी आणलं, विसरलास?"

सगळे हसले. आरेलिसही हसली, आणि ते देयानिराला टोचलं.

होडीवर ड्रोन उतरायला जागा नसते. फिरत्या पात्यांखाली हात उंचावून कोणीतरी तो झेलावा लागतो. झेलणाऱ्याकडे आणखी एक काम असे. ड्रोन आपली उडाल्याची जागा ध्यानात ठेवतो आणि संपर्क तुटला की तिथेच परततो. जमिनीवर ते ठीक आहे. समुद्रात मात्र होडी एका जागी थांबत नाही. म्हणून होडी हलली की झेलणाऱ्याने काठावर दोन थापा मारायच्या, उडवणाऱ्याने रिमोटवरून ड्रोनला नवी जागा द्यायची आणि "दिलं!" म्हणून ओरडायचं. पहिल्या वर्षी ड्रोन थोडक्यात वाचल्यावर देयानिरानेच ही रीत घालून दिली होती.

आणि तिच्या पिशवीत, हिरव्या केळ्यांखाली, तिचा जुना, चिकटपट्टीने सांधलेला ड्रोन होता. अडीनडीला असावा म्हणून घेतला, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

"फवारा!" मामा ओरडला.

देवमासा पाण्यावर जड श्वास सोडत होता. मामाने त्याच्यामागे फरफटणाऱ्या जाळ्यात आकडा अडकवून दोन नारिंगी तरंगे बांधले. आता तो वेगाने पळू शकणार नव्हता. ड्रोन उडाला. आरेलिसने पडद्यावर डोळे रोवले.

"बाबा, दिसलं! डाव्या पंखाच्या मुळाशी एकच हिरवा दोर आहे, त्यानेच सगळं ओढून धरलंय. तो कापला की जाळं आपोआप सुटेल!"

"शाब्बास, माझी वाघीण!"

चार हंगाम. इतक्या दिवसांत मामाच्या तोंडून देयानिराला काय मिळालं होतं? "हं, कळलं. उतरव आता." बस्स. तिच्या घशात काहीतरी कडू दाटून आलं. शेवटी लेक ती लेक, आणि भाची ती भाची!

देवमासा बिथरला आणि तरंग्यांसकट पुढे निघाला. तुलियोने होडी त्याच्या मागे लावली. उडाल्याची जागा मागे पडली, खूप मागे पडली. आरेलिसची नजर पडद्यावरून हलेना. देयानिराचा तळवा काठावर टेकलेला होता. दोन थापा. फक्त दोन.

तळवा उचलला गेला नाही.

चुकू दे एकदा, तिच्या मनाने म्हटलं. एकदाच. मग कळेल मामाला.

तेवढ्यात पश्चिमेकडून पावसाची काळी भिंत चालून आली. पडदा थरथरला आणि विझला.

"संपर्क गेला! ताई, तो वळलाय, पण इकडे येत नाहीये! कुठे चाललाय तो?"

तुलियोने होडी गर्रकन वळवून ड्रोनच्या मागे सोडली. जिथून तो उडाला होता तिथे आता नुसतं पाणी होतं, आणि त्या रिकाम्या पाण्यावर तो इमानाने उतरत होता! हलत्या, चकाकत्या लाटांनी जमीन ओळखणारे त्याच्या पोटाखालचे डोळे फसले होते. तो खाली येई, दचकल्यासारखा वर जाई, पुन्हा खाली येई. आरेलिस नाळेवर चढली. तिने हात लांबवले.

"सोड ते!" देयानिरा किंचाळली. "आरेलिस, सोड!"

लाट आली. नाळ उंच गेली आणि आपटली. आरेलिस पाण्यात!

त्याच क्षणी इंजिनाने आचका दिला. देवमाशाच्या अंगावरून तुटलेला जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंतला होता. पाऊस कोसळला. समोरची नाळसुद्धा दिसेना! वाऱ्याने होडी पानासारखी लोटली. मामाच्या हाका पावसात विरत गेल्या.

पाऊस आला तसाच गेला. मागे उरला तो राखाडी, डोंगराएवढे फुगारे टाकणारा मोकळा समुद्र. त्यावर कोणीही नव्हतं. वाऱ्याने होडी एका दिशेला नेली होती, पाण्याच्या ओढीने आरेलिसला भलत्याच.

देयानिराने केळी फळीवर ओतली आणि जुना ड्रोन बाहेर काढला. मामाने त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

रिमझिमीतच तो उडाला. पात्यांवर पाणी बसत होतं, चित्र अडखळत होतं. वाऱ्याच्या दिशेला एक नारिंगी ठिपका दिसला!

"तिकडे!" मामा ओरडला.

तिने ड्रोन खाली आणला. ठिपके दोन होते. तरंगे! देवमासा त्यांच्यापुढे निवांत श्वास सोडत होता. निम्मी बॅटरी या चुकीत गेली.

देयानिराने डोळे मिटले, पाण्याची ओढ आठवली आणि ड्रोन उलट्या बाजूला वळवला. लाटा. फेस. वाहून आलेला ओंडका. पुन्हा लाटा. आणि मग नारिंगी जाकीट, त्यातून वर आलेला एक हात!

"सापडली! वल्ही मारा, डावीकडे!"

मामा आणि तुलियो वल्ह्यांवर तुटून पडले. होडी हलली तशा तुलियोने सवयीने काठावर दोन थापा मारल्या.

देयानिराची नजर पडद्यावरून हलली नाही.

"अगं, दिलं म्हण की!"

"नाही देत. तो परत यायचा नाहीये."

रिमोट किंचाळू लागला. बॅटरी संपत आली होती. ड्रोन आपणहून माघारी वळला. तिने त्याला रोखलं. तो पुन्हा वळला. तिने पुन्हा रोखलं. लाटांच्या फुगाऱ्यात होडीवरून काही दिसत नव्हतं. आकाशातला तो काळा ठिपका तेवढा दिसत होता, आणि त्याच्या बरोबर खाली तिची बहीण होती. चार हंगाम तिने ज्याला उडवलं, तो दोनदा डगमगला आणि दगडासारखा पडला!

पण तोवर मामाला हात दिसला होता. त्याने लेकीला जाकिटाला धरून आत ओढलं.

आरेलिसचे ओठ काळेनिळे पडले होते. मामाने तिला ताडपत्रीत गुंडाळून गुळाचं गरम पाणी पाजलं.

"ताई," ती खोकत म्हणाली, "मला थापा ऐकूच आल्या नाहीत. वाऱ्यामुळे असेल."

'असेल' म्हटलं असतं तर संपलं असतं.

"मी मारल्याच नाहीत," देयानिरा म्हणाली.

पंख्यातलं जाळं कापणारे तुलियोचे हात थांबले. मामाची पाठ त्यांच्याकडे होती. ती हलली नाही.

"आणि जुना ड्रोन कशाला आणला होतास?" आरेलिसने विचारलं.

"तुझा पडल्यावर माझा दाखवायला."

आरेलिस तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने ताडपत्री गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि नजर वळवली.

लांबवर तरंगे लाटांवर वरखाली होत होते. मामाने त्यांच्याकडे पाहिलं, सुरी काठीवरून सोडली आणि म्यानात घातली. "आज नाही. शेजारच्या गावच्यांना कळव. त्यांची होडी जवळच आहे, दिवस मावळायच्या आत पोचतील."

"पण बाबा, त्यांना? आम्हीच सोडवला म्हणून ते गावभर मिरवतील!"

"मिरवू देत." त्याने उरलेलं गुळाचं पाणी पेल्यात ओतलं आणि देयानिराकडे न बघता तिच्यापुढे धरलं. "रेडिओ घे."

तिने बटण दाबलं. "डाव्या पंखाच्या मुळाशी हिरवा दोर आहे. एकच. तेवढाच कापा." पलीकडून कोणीतरी तिच्या नजरेची तारीफ केली. जुनं, ओळखीचं सुख क्षणभर अंगावरून सरसरत गेलं. "नाही, मी नाही," ती म्हणाली. "आरेलिसने पाहिलं. नीट ऐका, आरेलिसने." आणि हे बोलतानाही घशातलं कडू थोडं उरलंच होतं.

इंजिन चालू झालं. होडीने किनाऱ्याकडे तोंड वळवलं.

ताडपत्रीतून आरेलिसचा हात बाहेर आला आणि काठावर दोनदा आपटला. होडी हलली होती. रीत ती रीत.

देयानिराने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"दिलं," ती म्हणाली.